साक्षीदाराची सही

सलग सहाव्या रविवारी काटेसाहेब कॅमेऱ्यात फक्त फांद्या घेऊन घरी परतले आणि त्यांनी स्वयंपाकघरातलं पीठ मोजायला घेतलं.

"पाकिटावर लिहिलंय एक किलो," ओट्यापाशी उभं राहून ते म्हणाले. "भरतंय सातशे वीस ग्रॅम."

"परवाच फोडलंय ते. वापरलंय मी त्यातलं," वहिनी म्हणाल्या.

"किती वापरलंस?"

"लागलं तेवढं."

"लागलं तेवढं! हे काय माप झालं?"

मागच्या रविवारी मीठ झालं होतं, त्याच्या आधी साबणाच्या वड्या झाल्या होत्या, आणि उशीतल्या कापसाचं वजन करायला हवं असं काटेसाहेब परवा झोपताना म्हणालेही होते. रानात पक्षी दिसला नाही की त्याचा राग घरातल्या वस्तूंवर निघायचा, हे आता वहिनींच्या पक्कं लक्षात आलं होतं.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर बाजाराने त्यांना ते दिलं, आणि बाजाराने दिलेलं नाव सुटत नाही. त्यांच्या पत्नीला मग सगळेच वहिनी म्हणू लागले. एकतीस वर्षांत काटेसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नव्हती. निरोपसमारंभात चार जण बोलले आणि चौघांनीही हेच एक वाक्य सांगितलं, कारण दुसरं सांगण्यासारखं कोणालाच काही सुचलं नाही. काटेसाहेबांना मात्र त्याने फार भरून आलं. आयुष्यात आपण काय कमावलं असं कोणी विचारलं तर ते हेच सांगत.

निवृत्तीनंतर परगावी असलेल्या मुलीने कॅमेरा पाठवला. लांबलचक भिंग, तीन पायांचा स्टँड आणि सोबत पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक. "बाबांना छंद लागू दे," तिने आईला फोनवर सांगितलं, "नाहीतर ते तुझ्या मागे लागतील." मुलगी हुशार होती, पण तिला थोडा उशीर झाला होता.

गावाबाहेर तळ्याकाठी एक राखीव रान होतं. फाटकाशी पहारेकऱ्याची खोली, खोलीपुढे त्याची एक तपकिरी कोंबडी, आणि आत झाडीत एक लाकडी लपण. लपण म्हणजे फळ्यांची छोटी खोली. आत बाकावर बसायचं, गप्प राहायचं आणि फटीतून बाहेर बघायचं. तिथल्या पक्षीमित्र मंडळाने लपणात एक रजिस्टर ठेवलं होतं. तारीख, पक्ष्याचं नाव, पाहणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही, असे चार रकाने. दोन सह्या असल्याशिवाय पक्षी झाला असं धरत नसत. रकाने बघूनच काटेसाहेब या छंदाच्या प्रेमात पडले होते.

रकाने होते, पक्षी नव्हते. म्हणजे असावेत, पण काटेसाहेबांनी भिंग फिरवलं की उडत. भिंग फिरवलं नाही तर काटेसाहेब शिंकत. सहा रविवारांत त्यांनी नऊशे चौदा फोटो काढले आणि सवयीप्रमाणे प्रत्येकाला नीट नाव दिलं. 'फांदी, बहुधा खंड्या गेल्यानंतर.' 'फांदी, हलताना.' 'फांदी, हलायची थांबल्यावर.' सगळे फोटो स्वच्छ आले होते.

सातव्या रविवारी वहिनी स्वतःहून म्हणाल्या, "मीपण येते."

वहिनींनी बालवाडीत तीस वर्षं शिकवलं होतं. रोज दोन गोष्टी, त्याही नव्या, त्याही अशा मुलांना की जी कालची गोष्ट आज जरा बदलली तर जागच्या जागी पकडतात. त्यांना आदल्या दुपारी टेबलावर ते पक्ष्यांचं पुस्तक दिसलं होतं आणि त्यांनी पहिलं पान वाचलं होतं. मनात तेव्हा काही नव्हतं, असं त्या पुढे शपथेवर सांगत.

लपणात दोन तास गेले. काटेसाहेबांच्या कपाळावरची शीर पिठाच्या दिशेने फुगू लागली. वहिनींनी ती पाहिली आणि त्या एकदम पुढे वाकल्या.

"अहो! तो बघा, तो बघा!"

"कुठे?"

"तिकडे... गेला."

"कोण गेला?"

"नाव काय मला ठाऊक! हिरवा होता. कपाळाला लाल. डोळ्याभोवती पिवळं, आणि चोचीच्या बुडाशी मिशा असतात ना, तसे केस."

काटेसाहेबांनी घाईघाईने पुस्तक उघडलं. "तांबट! अगं तांबट! शब्दन् शब्द जुळतोय!"

त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. वहिनींनी सही केली. साक्षीदाराच्या रकान्याशी काटेसाहेबांचं पेन थांबलं. त्यांना तर काहीच दिसलं नव्हतं. एकतीस वर्षांचं व्रत एका बाजूला आणि शेजारी बाकावर बसलेली, तितकीच वर्षं संसार केलेली बायको दुसऱ्या बाजूला. आजवर आपण दुकानदारांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, पण ही काही दुकानदार नव्हे, असा विचार त्यांनी केला आणि सही ठोकली.

त्या दिवशी ते न्हाणीघरात गाणं म्हणाले. पीठ, मीठ, साबण कशालाही हात लावला नाही. जेवताना चार घास जास्त गेले आणि "छान झालंय" असंही म्हणून झालं. वहिनींनी हे सगळं पाहिलं आणि शनिवारी दुपारी पुस्तकाचं दुसरं पान वाचलं.

मग ती रीतच पडली. शनिवारी दोन-तीन पानं, रविवारी चार-पाच पक्षी. वहिनी जुन्या शिक्षिका. धडा सोडून पुढे जायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या पानं क्रमानेच घेत. घरात सोमवार ते शनिवार शांतता नांदू लागली. तराजू माळ्यावर गेला.

काटेसाहेबांना एकच गोष्ट खुपत होती. आपण शेजारीच बसतो, आपलंही तोंड त्याच फटीकडे असतं, मग आपल्यालाच का दिसत नाही? शेवटी ते मंडळाच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरींचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामं होणार होती. सेक्रेटरींनी त्यांना अक्षरांच्या तक्त्यापुढे बसवलं. काटेसाहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि तळाशी बारीक टाइपात असलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"नजर एकदम उत्तम आहे, साहेब."

"मग पक्षी का दिसत नाहीत?"

सेक्रेटरी काउंटरवर वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पक्षी बघायची नजर निराळी असते. ती दुकानात मिळत नाही. किती झाले वहिनींचे?"

"सदतीस."

सेक्रेटरींच्या हातातली काच खाली पडली. मंडळाच्या साऱ्या सभासदांनी मिळून वर्षाकाठी इतके पाहिले नव्हते. त्याच आठवड्यात रानाच्या फाटकावर फलक लागला: 'या मोसमात नोंदलेल्या नव्या जाती: ३७.' खाली खडूने आकडा बदलायला जागा ठेवली होती.

फलक लागला आणि माणसं यायला लागली. आधी मंडळाचे सभासद आले, मग त्यांचे मेहुणे आणि साडू, मग शेजारच्या गावातली मंडळं आपापल्या टोप्या घालून आली. रविवारी पहाटे फाटकाशी गाड्यांची रांग लागू लागली. लपणात सहा माणसं मावत; पहारेकऱ्याने पुठ्ठ्याचे बिल्ले केले आणि वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या. "साहेब," तो एकदा काटेसाहेबांना म्हणाला, "पूर्वी इथं चार पाखरं तरी होती हो." काटेसाहेबांना वाटलं, बिचाऱ्याला मोजता येत नसावं.

कारण आकडा तर वाढतच होता. सेक्रेटरींनी पहिल्याच रविवारी वहिनींचे सात पक्षी पाहिले; त्यातले दोन तर वहिनींनी सांगितल्यापेक्षा बरेच मोठे होते. त्यांचं पाहून खजिनदारांना नऊ दिसले. एवढ्या लांबून आल्यावर, वीस मिनिटांची पाळी मिळाल्यावर, शेजारच्या माणसाला दिसलेला पक्षी आपल्याला दिसला नाही असं म्हणायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाक कापून घेणं होतं. लोक एकमेकांचे साक्षीदार म्हणून भराभर सह्या करू लागले. रजिस्टर संपलं, दुसरं आणलं.

घाबरल्या फक्त वहिनी. एका रविवारी कुणी एक बाई त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचा पाणकावळा मी काल पाहिला हो! पिल्लं आहेत त्याला, दोन!" आणि वहिनींनी हात सोडवून घेतला. तो पाणकावळा त्यांनी आठ दिवसांपूर्वी सांगितला होता, आणि तळं तर महिनाभरापासून आटलेलं होतं. घरी येताना त्या मध्येच म्हणाल्या, "अहो, खोटी गोष्ट फार लोकांनी पाहिली तर ती खरी होत असेल का?"

"छे!" काटेसाहेब म्हणाले. "दहा दुकानदारांकडे तेच खोटं माप असलं म्हणून ते खरं होतं का?"

वहिनींनी मान हलवली आणि त्या दिवशी पुढचं पान वाचलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काटेसाहेब माळ्याकडे बघत "तराजू कुठे गेला गं?" असं म्हणाले, आणि त्यांनी वाचलं.

नव्व्याण्णव झाले तेव्हा सेक्रेटरींनी जाहीर केलं की शंभरावा पक्षी समारंभपूर्वक बघायचा. वनखात्याचे मोठे साहेब येणार, वहिनी पक्षी दाखवणार, लगेच दोघांचा सत्कार. "आणि साहेब," ते काटेसाहेबांना म्हणाले, "छापायला एक स्वच्छ यादी करून द्या. तारखेप्रमाणे. तुमच्या हातची यादी म्हणजे प्रश्नच नाही."

शनिवारी संध्याकाळी काटेसाहेब यादी करायला बसले. डावीकडे रजिस्टर, उजवीकडे पुस्तक. नावांत एका वेलांटीची चूक राहू नये म्हणून प्रत्येक नाव पुस्तकाशी ताडून बघायचं त्यांनी ठरवलं. पहिला तांबट, पान एक. दुसरा, पान एक. तिसरा, पान दोन. पंधराव्या नावाला त्यांच्या लक्षात आलं की आपण पुस्तक पुढे-मागे चाळतच नाही, नुसतं उलटत चाललोय. तिसाव्या नावाला त्यांनी डोळे चोळले. पक्षी लहरीप्रमाणे येतात असं त्यांनी ऐकलं होतं. पण हे नव्व्याण्णव पक्षी शाळेच्या हजेरीला यावेत तसे ओळीने आले होते.

एका ठिकाणी ओळ तुटली. एकेचाळीसनंतर एकदम चव्वेचाळिसावं पान. काटेसाहेबांनी पाहिलं तर मधली दोन पानं चहा सांडून एकमेकांना चिकटली होती. त्यांनी सुरी आणून ती हळूच सोडवली. आत साळुंकी होती. रोज सकाळी त्यांच्याच खिडकीच्या गजावर बसून कलकलाट करणारी साळुंकी. आणि रानातल्या नव्व्याण्णव पक्ष्यांमध्ये ती नव्हती.

काटेसाहेब उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाजी निवडत होत्या.

"उद्याचा कितव्या पानावरचा आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"अहो, ऐका तर..."

"एकही नाही पाहिलास? नव्व्याण्णवात एक?"

"एकदा काहीतरी हललं होतं," वहिनी प्रामाणिकपणे म्हणाल्या. "कोंबडी होती ती."

"पण का?"

"तुम्ही पीठ मोजत होता."

"म्हणून?"

"मीठ मोजलंत. साबण मोजलात. उशीतला कापूस काढणार होता. पक्षी दिसला म्हटलं की तुमचा चेहरा कसा व्हायचा, तो तुम्ही कधी पाहिला नाहीत. मी पाहिलाय. आठवडाभर घरात माणूस राहतोय असं वाटायचं, निरीक्षक नाही."

काटेसाहेब स्टुलावर बसले. रागवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण राग येण्याआधी दुसरंच काही आलं. "नव्व्याण्णव सह्या केल्यात मी," ते म्हणाले. "अगं, माझ्याकडे दुसरं होतं काय? पोरीचं लग्न तू जमवलंस, घर तू चालवलंस. माझं म्हणून हे एकच होतं, की हा माणूस बघितल्याशिवाय सही करत नाही."

वहिनींना फार वाईट वाटलं. इतकं की त्या म्हणाल्या, "मोजा हवं तर पीठ."

"नको," काटेसाहेब म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

"सांगा. मी शेजारी उभी राहीन."

रविवारी रानात साठ-सत्तर माणसं जमली होती. वनखात्याचे साहेब नव्याकोऱ्या दुर्बिणीसह पुढे उभे होते. सेक्रेटरींनी वहिनींच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि त्यांना झाडीकडे तोंड करून उभं केलं. सगळे श्वास रोखून वाट बघू लागले. वहिनी काही बोलेनात. दहा मिनिटं झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, ते पाहताना सेक्रेटरींनी पाहिलं, आणि त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"तो बघा!" ते ओरडले.

"आहे, आहे!" खजिनदार म्हणाले. "लाल! लालभडक!"

"निळा हो!" मागून कुणी म्हणालं. "मला निळा दिसला!"

क्षणभर शंकेची पाल चुकचुकली. "नर आणि मादी!" सेक्रेटरी चटकन म्हणाले, आणि साठ-सत्तर माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. वनखात्याचे साहेब दुर्बीण डोळ्यांना लावून पुटपुटले, "वा! काय तो रंग!"

काटेसाहेब पुढे झाले. "मंडळी, तिथे काहीही नाही. लाल नाही, निळा नाही. आधीचे नव्व्याण्णवही नव्हते. ती सगळी नोंद खोटी आहे आणि तिचा साक्षीदार मी आहे."

तेवढ्यात वहिनी पुष्पगुच्छ सावरत म्हणाल्या, "खोटं मी बोलले. यांनी नुसत्या सह्या केल्या."

"पण मग," वनखात्याचे साहेब दुर्बीण खाली घेत म्हणाले, "मी आत्ता काय पाहिलं?"

"साहेब," काटेसाहेब नम्रपणे म्हणाले, "झाकणं काढायची राहिलीत."

लोक चिडतील असं वहिनींना वाटलं होतं. पण कोणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. जो तो आपापली वही मिटून खिशात घालण्यात गुंतला होता. खाई त्याला खवखवे म्हणतात; इथे तर सगळी पंगतच जेवली होती. दहा मिनिटांत रान रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी काटेसाहेबांना दुकानात बोलावून घेतलं. ते धुमसत होते. "एवढा खरेपणाचा पुळका आहे ना तुम्हाला? मग काढा मंडळाच्या नोंदी तपासून! बारा वर्षांच्या!" हा त्यांनी टोमणा मारला होता. काटेसाहेबांनी तो नेमणुकीचा हुकूम समजून स्वीकारला.

पुढचे दोन महिने त्यांना घरातलं पीठ आठवलंसुद्धा नाही. एकेका सभासदाला बोलावून ते विचारत: वेळ काय होती? सूर्य कुठे होता? तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता? साक्षीदाराने खरंच पाहिलं की मान डोलावली? खजिनदार तिसऱ्या प्रश्नालाच रडकुंडीला आले. सेक्रेटरींनी तब्येतीचं कारण देऊन आपले ऐंशी पक्षी एकदम मागे घेतले. दोनशे चाळीस जातींपैकी शेवटी नऊ उरल्या: कावळा, चिमणी, पारवा, साळुंकी, घार, बगळा, टिटवी, कोतवाल आणि पहारेकऱ्याची कोंबडी. कोंबडीपुढे कंसात 'पाळीव' असं लिहिलं, पण ती सर्वांनी निर्विवाद पाहिली असल्याने तिला वगळणं काटेसाहेबांना अन्यायाचं वाटलं.

फाटकावरच्या फलकावर खडूने ९ लिहिलं गेलं. लपणात नवं रजिस्टर आलं आणि भिंतीवर नवे नियम: साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे, काही न दिसल्यास तसं लिहून दोघांनी सही केली पाहिजे. नऊ पक्षी बघायला आणि वर उलटतपासणी द्यायला कोण येणार? गाड्या थांबल्या. टोप्या थांबल्या. पहारेकऱ्याने पुठ्ठ्याचे बिल्ले चुलीत घातले आणि कोंबडी पुन्हा अंडी द्यायला लागली.

काटेसाहेब आणि वहिनी मात्र दर रविवारी जात राहिले. काटेसाहेब तपासनीस म्हणून जात; कॅमेरा त्यांनी कपाटात ठेवून दिला होता, कारण फांद्या आता पुरे झाल्या होत्या. वहिनी त्यांच्याबरोबर जात, पण लपणात फटीकडे पाठ करून बसत आणि नातवाचा स्वेटर विणत. "नकोच ती भानगड," त्या म्हणत. "बघितलं तर बोलावंसं वाटतं."

असाच एक रविवार. ऊन पानांतून खाली उतरलं होतं. आसपास एकही माणूस नव्हता, त्यामुळे शांतता खरोखरची होती. काटेसाहेब फटीतून बघत होते आणि एकाएकी त्यांच्या समोर, चार हातांवर, पाचोळ्यात एक पक्षी उतरला.

पाठ हिरवी, पोट पिवळसर, डोळ्यावरून काळी पट्टी, पंखावर निळा ठिपका, आणि आखूड शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल रंग. कुजबुजलं तरी तो उडाला असता. ते दगड होऊन बघत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. आयुष्यात त्यांनी खूप काही निरखून पाहिलं होतं, पण त्यात दोष काढण्यासाठी न बघितलेलं हे पहिलंच होतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांना त्याचा रागच आला, कारण पक्षी धूसर दिसू लागला. त्यांनी हळूच हात मागे नेला आणि वहिनींची बाही ओढली.

वहिनींनी टाका पुरा केला आणि मान वळवली. पक्षी उडाला.

"अगं... तो बघ... तो..."

"कुठे?"

"गेला."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"नवरंग होता! इथे, चार हातांवर! पोट पिवळं, पट्टी काळी..."

"शेपटीखाली लाल, पंखाला निळं," वहिनी म्हणाल्या.

"हो! हो! म्हणजे दिसला तुला!"

"नाही. पान अठ्ठावन्न. शंभरावा म्हणून पाठ केला होता."

काटेसाहेबांनी रजिस्टर ओढलं, पाहणाऱ्याच्या रकान्यात सही करायला पेन उचललं आणि मग त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या रकान्यावर गेली.

"तू सही कर."

"मी पाहिला नाही."

"अगं, मी सांगतोय ना!"

"मीपण सांगतच होते की. नव्व्याण्णव वेळा."

"पण मी खरं सांगतोय!"

"असेल. पण मी बघितल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय. तुमच्यामुळेच."

काटेसाहेबांनी वहिनींची मनधरणी केली. एकतीस वर्षं दुकानदार ज्या सुरात त्यांच्याशी बोलत आले होते, नेमका तोच सूर त्यांना लागला. "एकच सही. कोण बघायला येतंय? घरातल्या घरात आहे." म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचं बोलणं ऐकलं आणि ते थांबले. नियमाप्रमाणे जे सिद्ध होत नाही ते घडलेलं नसतं. त्यांनी पेन उचललं आणि जड हाताने लिहिलं: 'निरंक.' खाली सही केली. वहिनींनीही शेजारी लगेच सही केली. त्यांना खरोखरच काही दिसलं नव्हतं. जाणूनबुजून केलेली काटेसाहेबांची ही पहिली खोटी सही होती, आणि तिच्या शेजारची वहिनींची सही अगदी चोख होती.

फाटकाकडे चालताना काटेसाहेब आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पाचोळ्यातलं एकच पान त्याने तीनदा उलटून पाहिलं. किल्ली हरवलेला माणूस जसा तोच खिसा परत परत तपासतो ना, तसा. तिसऱ्यांदा त्याखाली काही नाही म्हटल्यावर ते पान चोचीत धरून लांब नेऊन टाकलं. चिडला होता."

वहिनी थबकल्या.

"हे पुस्तकात नाहीये," त्या म्हणाल्या.

"नसेल."

"नाहीच. मी सबंध पान वाचलंय. हे नाहीये त्यात." त्यांनी काटेसाहेबांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळे अजून ओले होते. "अहो, तुम्ही खरंच पाहिलात की हो!"

"तेच तर सांगत होतो."

"मग हे मघाशी सांगायचं ना! चला परत. त्या निरंकावर काट मारा, मी सही करते. माझ्या जबाबदारीवर करते."

काटेसाहेब दोन पावलं मागे वळले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की वहिनींना वाटलं, एवढं बघायला मिळालं तरी पुष्कळ झालं. मग ते थांबले, आणि हळूहळू पुन्हा फाटकाकडे चालू लागले.

"काय झालं?"

"रजिस्टरात खोडाखोड चालत नाही," काटेसाहेब म्हणाले. "नियम क्रमांक सात. मीच केलाय."